भद्रावतीच्या निवृत्त कामगाराचे बारा लाख: संरक्षण कंपन्यांतील गुंतवणुकीचे एक प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यातल्या एका गावात हे कुटुंब राहते. वडील चांदा आयुध निर्माणीत, म्हणजे गावच्या बोलण्यात ‘ऑर्डनन्स’मध्ये, तोफगोळे भरण्याच्या विभागात कामाला होते आणि मे २०२४ अखेर साठाव्या वर्षी निवृत्त झाले. घरची सहा एकर कोरडवाहू शेती असून तीत कापूस आणि सोयाबीन घेतले जाते. मुलगा बी.कॉम. झालेला असून गावातच सेवा केंद्र चालवतो आणि धाकट्या मुलीचे लग्न त्या वर्षी उरकायचे होते. मुलगा माझा जुना विद्यार्थी आहे. मार्च २०२५ मध्ये तो बँकेचे पासबुक, दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे खरेदी-विक्रीच्या पावत्या, आणि डीमॅट खात्याचे विवरण घेऊन माझ्याकडे आला. पुढील मांडणी त्या कागदांवर आणि बापलेकांनी मोकळेपणाने सांगितलेल्या हकिकतीवर आधारलेली आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव मी देत नाही.

निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी, उपदान, निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण आणि शिल्लक रजेचे रोखीकरण मिळून सुमारे छत्तीस लाख रुपये हाती आले. त्यांपैकी पंधरा लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. तिचा व्याजदर ८.२ टक्के असल्याने दर तिमाहीला ३०,७५० रुपये येणार होते. पीककर्ज आणि घराचे जुने कर्ज फेडण्यात चार लाख आणि स्लॅब टाकण्यात पाच लाख खर्च झाले. येथपर्यंतच्या निर्णयांत बोट ठेवण्यासारखे काही नाही. उरलेले बारा लाख मात्र अवघ्या महिनाभरात संरक्षण क्षेत्रातील शेअर आणि त्याच क्षेत्राचा एक फंड यांत गुंतले.

जून २०२४ च्या उत्तरार्धात तीन लाख रुपये संरक्षण निर्देशांकावर, म्हणजे या क्षेत्रातील कंपन्यांच्या शेअरच्या ठरावीक यादीवर, चालणाऱ्या फंडाच्या नव्या योजनेत भरले गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, म्हणजे एचएएलचे, १०९ शेअर ५,५०० रुपयांच्या सरासरी भावाने घेतले गेले आणि त्यांत सहा लाखांना पाचशे कमी इतकी रक्कम गेली. त्याच आठवड्यात कोचीन शिपयार्डचे ७४ शेअर सुमारे २,७०० रुपयांनी, तर ड्रोन बनवणाऱ्या आयडियाफोर्जचे १२५ शेअर सुमारे ८०० रुपयांनी घेतले गेले. ज्या महिन्यात ही खरेदी झाली, त्याच महिन्यात एचएएल आणि कोचीन शिपयार्ड या दोन्ही शेअरनी आपले तोवरचे सर्वोच्च भाव गाठले होते, हे पुढे कळले. त्या वेळी ते कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते आणि म्हणून त्याबद्दल या कुटुंबाला दोष देणे योग्य नाही. प्रश्न वेगळा आहे. कोणत्या आधारावर आणि कोणत्या पैशातून ही खरेदी झाली, हे तपासले पाहिजे.

ओळखीचे काम आणि अनोळखी कंपन्या

खरेदीमागचा पहिला आधार वडिलांचा अनुभव होता. चौतीस वर्षे ज्या क्षेत्रात घाम गाळला, ते क्षेत्र आपल्याला कळते, असे त्यांना मनापासून वाटत होते. “आपल्या हातचं काम हाय, ते बुडन कसं?” हे त्यांचे वाक्य मुलाने मला जसेच्या तसे सांगितले. विदर्भात ही भावना समजण्यासारखी आहे. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावती येथील आयुध निर्माण्या, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो आणि नागपूरच्या परिसरातील खासगी स्फोटक कारखाने यांवर येथील हजारो घरांच्या चुली पेटतात. देशाच्या संरक्षणाचे काम या भागाला वर्तमानपत्रातून कळत नाही, ते घरात जेवायला बसलेल्या माणसाकडून कळते.

परंतु वडिलांना जी संस्था ठाऊक होती, तिचा शेअर बाजारात मुळी मिळतच नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागण्यात आल्या. चांदा आणि भंडारा येथील निर्माण्या पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेल्या आणि अंबाझरीची निर्माणी नागपुरातच मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. या सातही कंपन्यांची मालकी पूर्णपणे केंद्र सरकारकडे आहे आणि त्यांच्यापैकी एकही बाजारात नोंदलेली नाही. त्यामुळे गोळे भरणाऱ्या माणसाने आपल्या क्षेत्राच्या ओळखीवर जे शेअर घेतले, ते बेंगळुरूच्या विमान कारखान्याचे, कोचीच्या गोदीचे आणि नवी मुंबईच्या ड्रोन कंपनीचे होते. लढाऊ विमानाचे इंजिन कोठून येते, गोदीत किती जहाजे रांगेत आहेत, किंवा ड्रोनच्या निविदेत किती कंपन्या उतरतात, यांपैकी कशाचीही माहिती गोळ्यांच्या विभागातून मिळत नाही. संरक्षण क्षेत्र हा बाहेरून एक शब्द दिसतो. आत विमान, जहाज, दारूगोळा, रडार आणि ड्रोन असे धंदे आहेत आणि त्यांची गणिते परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

इंजिनाचा मुद्दा येथे थोडा खुलासा करून सांगितला पाहिजे, कारण एचएएलच्या भावावर त्याची छाया वर्षभर राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलाने ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार कंपनीशी केला. त्यांचा पुरवठा २०२४ च्या मार्चपर्यंत सुरू होणे अपेक्षित होते. या विमानाला लागणारे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून येते आणि या मागणीतले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. मागणी होती, करार होता, कारखाना तयार होता, तरीही एका परदेशी पुरवठादाराच्या विलंबाने विमाने अडली. इंजिनांना विलंब होत असल्याची माहिती २०२४ च्या उन्हाळ्यात उपलब्ध होती आणि ती कोणत्याही इंग्रजी किंवा मराठी अर्थविषयक पानावर वाचता आली असती.

मंजुरी, करार आणि पैसा

दुसरा आधार मुलाचा होता. तो यूट्यूबवरील चर्चा नियमित ऐकत असे आणि ‘एकशे छप्पन हेलिकॉप्टरांची ऑर्डर येते आहे’ ही बातमी त्याच्या मनात पक्की बसलेली होती. ती बातमी खरी होती, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे. जून २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एचएएलकडून १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टरांसाठी प्रस्ताव मागवला. २८ मार्च २०२५ रोजी ६२,७०० कोटी रुपयांचे दोन करार झाले. त्यांतील ९० हेलिकॉप्टरे लष्करासाठी आणि ६६ हवाई दलासाठी आहेत. म्हणजे मुलाचा अंदाज तंतोतंत उतरला. तरीही जून-जुलै २०२४ मध्ये साडेपाच हजारांवर असलेला शेअर फेब्रुवारी २०२५ अखेर ३,१०० रुपयांच्या आसपास होता. एवढ्या मोठ्या अचूक अंदाजानंतरही इतका तोटा का झाला, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिले कारण भावात आधीच मोजलेल्या अपेक्षेचे आहे. एचएएलचा २०२३-२४ चा निव्वळ नफा ७,६०० कोटींच्या थोडा वर होता आणि शेअरची संख्या सुमारे ६६.९ कोटी आहे, म्हणून दर शेअरमागे नफा ११४ रुपयांच्या जवळपास येतो. ५,५०० रुपये देणारा खरेदीदार त्या नफ्याच्या ४८ पट किंमत मोजत होता. पुढच्या वर्षी कंपनीचा नफा सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. कंपनीच्या हातातील मागण्या, म्हणजे ऑर्डरी, मार्च २०२४ च्या ९४ हजार कोटींवरून मार्च २०२५ मध्ये १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेल्या. कंपनीचे काहीच बिघडले नव्हते. मात्र ४८ पटीची किंमत मोजणाऱ्याने दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक वाढीची किंमत आगाऊ देऊन ठेवली होती आणि ती वाढ त्या वर्षात आली नाही.

दुसरे कारण काळाचे आहे आणि ग्रामीण कुटुंबासाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. संरक्षण खरेदीत संरक्षण संपादन परिषद प्रथम ‘आवश्यकतेची स्वीकृती’ देते. तिच्या पाठोपाठ प्रस्ताव मागवणे, तांत्रिक मूल्यमापन, आवश्यक तेथे चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, मोठ्या रकमेच्या बाबतीत सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची मान्यता आणि अखेरीस करार असे टप्पे येतात. वृत्तवाहिन्यांवर पहिल्या टप्प्याची बातमी ‘लाखो कोटींची मंजुरी’ म्हणून झळकते आणि ऐकणारा तिला कंपनीच्या खात्यात जमा झालेली रक्कम समजतो. ३ सप्टेंबर २०२४ रोजी परिषदेने दहा प्रस्तावांना मिळून सुमारे १.४५ लाख कोटींची स्वीकृती दिली. मुलाने त्या दिवशी वडिलांना फोन करून आनंदाने ही बातमी सांगितली होती. शेअर मात्र त्यानंतरही उतरतच राहिले. ‘प्रचंड’च्या करारातसुद्धा पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पुढील पाच वर्षे चालणार आहे. शेतकऱ्याला हे सहज समजावे: हातातली मागणी हे उभे पीक आहे आणि ते बाजार समितीच्या काट्यावर चढायला अजून बराच अवकाश असतो.

तिसऱ्या कारणाकडे फार थांबण्याची गरज नाही. या सर्व कंपन्यांचा मुख्य ग्राहक एकच आहे आणि तो सरकार आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाचा भांडवली खर्च वाढेल, अशी मुलाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पातील १.७२ लाख कोटींचा आकडाच कायम राहिला. एकाच ग्राहकाच्या एका कागदावर सगळा उद्योग अवलंबून असेल, तर चार कंपन्यांचे शेअर घेऊनही जोखीम चार जागी विभागली जात नाही. फंड घेतल्याने ती विभागली, असा या कुटुंबाचा समज होता. पण संरक्षण निर्देशांकातही एचएएल आणि रडार वगैरे बनवणारी सरकारी कंपनी भारत इलेक्ट्रॉनिक्स यांचे वजन फार मोठे आहे, त्यामुळे फंडाद्वारे पुन्हा तीच कंपनी घेतली गेली होती.

फेब्रुवारी २०२५

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. परतीच्या पावसाने कपाशीची बोंडे काळी पडली आणि सात हजारांच्या आसपासच्या भावाने व्यापाऱ्याला कापूस द्यावा लागला. जानेवारीत मुलीचे साक्षगंध झाले आणि एप्रिलची लग्नतारीख निघाली. मंगल कार्यालय, बस्ता, सोने आणि जेवणावळ मिळून सव्वाचार लाख रुपये मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागणार होते. हे पैसे पिकातून आणि शेअरच्या नफ्यातून निघतील, असा घरचा हिशेब होता आणि तो हिशेब कोणत्याही कागदावर कधी मांडला गेला नव्हता.

टपाल कार्यालयातील ठेव मोडावी, असा विचार झाला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते एक वर्षाच्या आत बंद केल्यास व्याज मिळत नाही आणि दिलेले व्याज मुद्दलातून परत कापले जाते, हे टपाल मास्तरांनी सांगितल्यावर तो मार्ग बंद झाला. तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एचएएलचे सर्व १०९ शेअर सुमारे ३,१०० रुपयांनी आणि कोचीन शिपयार्डचे ७४ शेअर सुमारे १,२५० रुपयांनी विकले गेले. जवळपास आठ लाखांच्या खरेदीतून ४ लाख ३० हजार हाती आले. मधल्या काळात एचएएलने दिलेल्या लाभांशाचे चार हजारांच्या आसपास रुपये मिळाले होते, ते वगळता तोटा ३ लाख ६९ हजारांचा झाला. विक्रीनंतर चार आठवड्यांनी हेलिकॉप्टरांचा करार झाला.

७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूर झाले आणि संरक्षण कंपन्यांचे शेअर झपाट्याने वर गेले. ‘दोन महिने थांबायला हवे होते’ असे गावात अनेकांनी या बापलेकांना ऐकवले. हे म्हणणे दोन दृष्टींनी चुकीचे आहे. मे महिन्यात एचएएल पाच हजारांच्या आसपास गेला, म्हणजे युद्धजन्य तेजीतही तो या कुटुंबाच्या खरेदीच्या भावाला पोहोचला नाही, आणि कोचीन शिपयार्डचेही तसेच झाले. त्याहून महत्त्वाचे असे, की लग्नाची तारीख पुढे ढकलणे त्यांच्या हाती नव्हते. ज्या रकमेला घरातली एखादी तारीख बांधलेली आहे, तिला थांबता येत नाही, आणि सीमेवर काय घडेल यावर मुलीच्या लग्नाचा हिशेब कोणीही ठेवू नये. बारा लाखांपैकी साडेचार लाख नऊ महिन्यांच्या बँक ठेवीत राहिले असते, तर उरलेले साडेसात लाख शेअरमध्येच असूनही या घराला फेब्रुवारीत काही विकावे लागले नसते. माझे या प्रकरणावरील मुख्य मत हेच आहे. संरक्षण कंपन्यांना करारापासून पूर्ण पैशापर्यंत कित्येक वर्षे लागू शकतात आणि कोरडवाहू घराला दर मृगापूर्वी आणि दर लग्नसराईत रोकड लागते. या दोन वेळापत्रकांची गाठ घालणारा पैसा वेगळा काढल्याशिवाय पहिला शेअर घेऊ नये.

वडिलांचे ज्ञान कोठे उपयोगी पडले

वडिलांचा अनुभव पूर्णपणे निरुपयोगी ठरला, असे मात्र नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुलाला टेलिग्रामवरील एका गटातून ‘म्युनिशन्स इंडियाचे आयपीओपूर्व शेअर’, म्हणजे कंपनी बाजारात नोंदली जाण्याआधीचे शेअर, देऊ करण्यात आले. किमान रक्कम दोन लाख होती, पैसे एका खासगी खात्यात भरायचे होते आणि दहापट परताव्याचे आश्वासन होते. झालेला तोटा भरून काढण्याच्या घाईत मुलगा पैसे पाठवण्याच्या बेतात होता. वडिलांनी त्याला तेथेच अडवले. २०२१ मध्ये निर्माण्यांच्या कंपन्या होताना कामगार संघटनांनी केलेला विरोध, संप रोखण्यासाठी आणलेला कायदा आणि प्रतिनियुक्तीवर ठेवलेले कामगार हे सर्व त्यांनी स्वतः पाहिले होते. कंपनीचे सगळे शेअर सरकारकडे आहेत, तर हा माणूस विकतो काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. दोन लाख वाचले. कारखान्यात काम केलेल्या माणसाची माहिती शेअरचा भाव सांगू शकत नाही. संस्थेची मालकी, कामाची पद्धत आणि खोटा दावा ती अचूक ओळखू शकते. सल्ला देणाऱ्याचा सेबीकडील, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडील, नोंदणी क्रमांक पाहणे आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास तात्काळ १९३० या मदत क्रमांकावर कळवणे, या गोष्टी मुलाच्या सेवा केंद्रात आता फलकावर लिहिलेल्या आहेत.

अंतराळ क्षेत्रातही पैसे घालण्याचा मुलाचा विचार होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘विक्रम-एस’ रॉकेट सोडणारी स्कायरूट आणि मे २०२४ मध्ये आपले ‘अग्निबाण’ रॉकेट उडवणारी अग्निकुल या दोन्ही कंपन्या बाजारात नोंदलेल्या नव्हत्या. इस्रोला सुटे भाग पुरवणाऱ्या हैदराबादच्या एमटीएआरचे नाव त्याने काढले, परंतु तिच्या विक्रीचा मोठा वाटा अमेरिकी कंपनीच्या इंधन-घटांच्या (फ्युएल सेलच्या) भागांतून येतो, हे वार्षिक अहवालात पाहिल्यावर त्याने तो विचार सोडला. अहवाल उघडून पाहिल्यानंतर घेतलेला हा त्याचा पहिला निर्णय होता आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट वडिलांनी बोलून दाखवली, ती आकड्यांत बसत नसली तरी येथे नोंदवतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार मरण पावले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ जणांचा जीव गेला होता. भंडाऱ्याच्या बातमीनंतर वडिलांना दोन दिवस जेवण गेले नाही. ज्या कामात माणसे अशी जातात, त्या कामावर घरबसल्या नफा मोजणे आपल्याला पटते का, असे त्यांनी मुलाला विचारले. मुलाने उत्तर दिले नाही आणि मीही देऊ शकत नाही. या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचताना मागण्यांच्या रकमेइतकेच कामगारांच्या सुरक्षेचे, अपघातांचे आणि कंत्राटी मजुरांचे पान वाचले पाहिजे, एवढे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण त्या पानावरील नावे येथे आपल्या शेजारच्या गावांची असू शकतात.

२०२५ च्या मध्यास स्थिती अशी होती. आयडियाफोर्जचे १२५ शेअर खरेदीच्या भावापेक्षा बरेच खाली होते आणि ते ठेवलेलेच राहिले. हा शेअर २०२३ मध्ये ६७२ रुपयांनी बाजारात आला, पहिल्या दिवशी जवळपास दुप्पट झाला आणि पुढे मूळ किमतीच्याही खाली गेला, हा इतिहास आता मुलाला पाठ आहे. फंडाचे युनिट जून २०२५ मध्ये गुंतवलेल्या तीन लाखांच्या थोडे वर आले आणि त्या रकमेला तेव्हा घरातली कोणतीही तारीख बांधलेली नसल्याने ते न विकण्याचे ठरले. शेअर बारा महिन्यांच्या आत विकले गेल्यामुळे ३ लाख ६९ हजारांचा तोटा अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरतो. विवरणपत्र मुदतीत भरले तरच तो पुढील आठ वर्षे ओढता येतो आणि तेवढ्या काळात होणाऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्यामुळे निवृत्तिवेतनधारक असूनही वडिलांचे विवरणपत्र नेहमीच्या साध्या नमुन्याऐवजी दुसऱ्या नमुन्यात भरावे लागले. मुलाने ते स्वतःच्या सेवा केंद्रातून मुदतीपूर्वी भरले आणि पोचपावतीची प्रत कॉन्ट्रॅक्ट नोटांच्या फाइलला जोडून ठेवली.